जखमीच्या मागून येणारी गाडी

झाशीहून कानपूरच्या दिशेने निघाले की आधी पारीछा, मग चिरगाव आणि त्यानंतर मोंठ लागते. मोंठला राष्ट्रीय महामार्ग सोडून आत वळल्यावर १२-१५ किलोमीटरवर समथर आहे. एके काळी हे एका छोट्या संस्थानाच्या राजधानीचे गाव होते. तिथला किल्ला आजही गावाची खूण आहे. बुंदेलखंडातील मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत हे संस्थान दतियापासून वेगळे झाले आणि तिथल्या रणजितसिंहाला ‘राजा’ हा किताब मराठ्यांकडून मिळाला, अशी नोंद जुन्या गॅझेटियरांत आहे. संस्थान गेले, किल्ला राहिला. आता तहसील मोंठ आणि जिल्हा झाशी. समथरच्या माणसाला जे काही मोठे लागते, ते या दोन ठिकाणी जाऊन मिळवावे लागते. त्यात रक्तही आले.

गेल्या हिवाळ्यात एका जुन्या सहकाऱ्याच्या घरच्या कार्यासाठी मी तिथे गेलो होतो. परतताना हातातल्या घड्याळाकडे पाहून वेळ मोजण्याची माझी शल्यचिकित्सकाची खोड उफाळून आली. समथरच्या बाजारातून निघून झाशीच्या महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयाच्या फाटकाशी पोहोचायला आम्हाला १ तास ३५ मिनिटे लागली. दिवस होता, धुके नव्हते, गाडी चांगली होती आणि गाडीत कोणी मरत नव्हते.

सहकाऱ्याच्या थोरल्या भावाने आदल्या रात्री एक गोष्ट सहज सांगितली होती, ती तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही. ते म्हणाले, इथे कोणाला मोठा अपघात झाला की एक नव्हे, दोन गाड्या निघतात. पहिलीत जखमी माणूस असतो. दुसरीत चार-सहा तरणी पोरे असतात, कारण झाशीला गेल्यावर रक्त मागतील हे सर्वांना ठाऊक असते. म्हणजे समथरचे रक्त झाशीला जातेच. ते पोरांच्या शिरांतून जाते, जखमीच्या मागून, दुसऱ्या गाडीत.

आपल्या आघात-उपचारांच्या धोरणाचे याहून नेमके वर्णन मला कुठल्याही अहवालात सापडलेले नाही.

प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. मांडीची मुख्य धमनी तुटली आणि कोणी ती दाबून धरली नाही, तर माणूस काही मिनिटांत जातो. त्याला झाशी वाचवू शकत नाही आणि दिल्लीही नाही. पण पोटात प्लीहा फुटलेली असेल, कटिराचे हाड मोडून आत संथ रक्तस्राव चालू असेल, तर मृत्यूला तास-दोन तास लागतात. हाच रुग्ण वाचवण्याजोगा असतो. २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी २२,५९५ मृत्यू एकट्या उत्तर प्रदेशातले, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. यांतील सगळेच रक्तस्रावाने गेले नाहीत; डोक्याच्या दुखापतीचा वाटा फार मोठा असतो. तरीही रुग्णालयात जिवंत पोहोचून नंतर जे जातात, त्यांच्यात पहिल्या काही तासांचे सर्वांत मोठे टाळता येण्याजोगे कारण रक्तस्राव हेच आहे, याविषयी जगभरच्या आघातशास्त्रात मतभेद नाही.

या रुग्णाला नेमके काय द्यावे, हा प्रश्न मात्र गेल्या तीस वर्षांत उलटापालटा झाला आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मी एका सरकारी रुग्णालयात निवासी डॉक्टर होतो. रक्तदाब कोसळलेला रुग्ण आला की दोन्ही हातांत जाड सुया घालायच्या आणि दोन लिटर सलाइन वेगाने सोडायचे, हे आम्हाला पाठ होते. पुस्तकात तेच होते, परीक्षेतही तेच विचारत. एका रात्री ट्रकखालून काढलेला एक तरुण आणला गेला. मी त्याला सलाइनच्या सात बाटल्या दिल्या. प्रत्येक बाटलीनंतर रक्तदाब थोडा वर यायचा, मला हायसे वाटायचे आणि दहा मिनिटांत तो पुन्हा खाली जायचा. पहाटे शस्त्रक्रियेच्या टेबलावर त्याच्या पोटातून येणारे रक्त रंगीत पाण्यासारखे होते. ते कुठेच गोठत नव्हते. टाके घातलेल्या जागेतूनही झिरपत होते. माझ्या वरिष्ठांनी मला दोष दिला नाही. मी नियमाप्रमाणेच वागलो होतो.

१९९४मध्ये ह्यूस्टन शहरातील एका अभ्यासाने त्या नियमाला पहिला मोठा तडा दिला. धडाला गोळी किंवा सुरा लागलेल्या ५९८ रुग्णांपैकी ज्यांना शस्त्रक्रियेपर्यंत सलाइन रोखून धरले, त्यांतील ७० टक्के जगले. ज्यांना आधीच भरभरून दिले, त्यांतील ६२ टक्के. कारण आज आपल्याला समजते. रक्तदाब जबरदस्तीने वर नेला की नुकतीच धरलेली गुठळी सुटते. सलाइन प्राणवायू वाहून नेत नाही आणि रक्त गोठवणारी प्रथिनेही त्यात नसतात. उलट जी शिल्लक असतात ती पातळ होतात. बाटली खोलीच्या तापमानाची, म्हणजे अंगापेक्षा थंड. अंग थंडावले की गोठण्याची क्रिया मंदावते, पेशींना प्राणवायू न मिळाल्याने रक्तातील आम्लता वाढते आणि आम्लतेने गोठणे आणखी बिघडते. शीतता, आम्लता आणि न गोठणारे रक्त या तीन गोष्टी एकमेकींना खाली ओढतात. पुढे २००३मध्ये लंडनमधील नोंदींवरून असेही दिसले की, गंभीर जखमींपैकी जवळजवळ चौघांतील एकाचे रक्त रुग्णालयात पाऊल टाकतानाच गोठण्याची क्षमता गमावून बसलेले असते. म्हणजे सगळा दोष आमच्या बाटल्यांचाही नव्हता. आघातच रक्त बिघडवतो; बाटल्या त्या बिघाडात भर घालतात.

मग उत्तर काय? जे गेले तेच परत द्या. हे ऐकायला इतके सोपे वाटते की ते शोधायला शतक का लागावे असा प्रश्न पडतो. खरे तर ते शोधून विसरले गेले होते. पहिल्या महायुद्धात १९१७च्या सुमारास ऑस्वाल्ड रॉबर्टसन या लष्करी डॉक्टराने सायट्रेट घातलेले रक्त बर्फात ठेवून आघाडीजवळ नेले आणि घायाळांना दिले. जगातील पहिली रक्तपेढी ती. ते संपूर्ण रक्त होते. नंतरच्या दशकांत रक्ताचे घटक वेगळे करण्याचे तंत्र आले. एका दात्याचे रक्त तीन रुग्णांना उपयोगी पडू लागले आणि ते योग्यच होते. कर्करोगाच्या रुग्णाला प्लेटलेट हव्यात, थॅलेसेमियाच्या मुलाला तांबड्या पेशी हव्यात. पण रक्तस्रावाने मरणाऱ्याला सगळेच हवे असते, आणि त्याला मात्र आपण तांबड्या पेशी आणि सलाइन यांचे मिश्रण देत राहिलो.

इराक आणि अफगाणिस्तानातील युद्धांनी ही चूक पुन्हा उघडी पाडली. तांबड्या पेशींच्या प्रत्येक पिशवीमागे रक्तद्रवाची, म्हणजे प्लाझ्माची, एक आणि प्लेटलेटची एक मात्रा द्यावी, असा आग्रह सुरू झाला. त्याची नीट परीक्षा उत्तर अमेरिकेतील १२ मोठ्या आघात केंद्रांत ६८० रुग्णांवर झाली आणि निष्कर्ष २०१५मध्ये आले. समसमान प्रमाण विरुद्ध तांबड्या पेशी दुप्पट, अशी ती तुलना होती. पहिल्या २४ तासांतील मृत्यू १२.७ टक्के विरुद्ध १७ टक्के; ३० दिवसांचे २२.४ विरुद्ध २६.१. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हे फरक पुरेसे ठरले नाहीत. मात्र पहिल्या दिवशी निव्वळ रक्तस्रावाने झालेले मृत्यू ९.२ टक्के आणि १४.६ टक्के होते आणि तो फरक त्या कसोटीला उतरला. तेवढ्यावर समसमान प्रमाण जगभर रुळले. माझ्या मते ते योग्यच झाले, पण जितक्या ठामपणे परिषदांमधून ते सांगितले जाते तितका पुरावा भक्कम नाही, हेही सांगायला हवे. २०२३मध्ये गोठण्याची प्रथिने अधिक असलेला क्रायोप्रेसिपिटेट हा घटक लवकर देऊन पाहण्याचा १,६००हून अधिक रुग्णांवरील अभ्यास आला. त्यातून मृत्यू कमी झाले नाहीत. या क्षेत्रात आशेच्या मानाने निष्कर्ष कोरडेच असतात.

आता हे प्रमाण समथरच्या रस्त्यावर आणून ठेवा. एकास एकास एक या सूत्राच्या प्रत्येक आकड्यामागे एक यंत्र उभे आहे. तांबड्या पेशींना दोन ते सहा अंशांचा शीतकपाट हवा; त्यात त्या ३५ ते ४२ दिवस टिकतात. रक्तद्रव गोठवलेला असतो. तो वर्षभर टिकतो, पण ३७ अंशांच्या पाण्यात वितळवायला अर्धा तास जातो आणि एकदा वितळला की घड्याळ सुरू होते. प्लेटलेट साध्या खोलीच्या तापमानाला, सतत हलत्या तबकात, अवघे पाच दिवस. ज्या रक्तपेढीत रोज शेकडो पिशव्यांची उलाढाल आहे, तिथेच हे परवडते. म्हणजे हे सूत्र वैद्यकीय महाविद्यालयाच्या फाटकाच्या आतले सूत्र आहे. समथरचा जखमी त्या फाटकापर्यंत पोहोचेल तेव्हा त्याचा पहिला तास गेलेला असेल, बहुधा दुसराही. कारण रुग्णवाहिका समथरला यायची वेळ आणि मोंठला ‘पुढे न्या’ अशी चिठ्ठी लिहून मिळण्याची वेळ मी माझ्या त्या ९५ मिनिटांत धरलेलीच नाही.

अंतराचा हा मुद्दा केवळ भावनिक नाही. २०१८मध्ये अमेरिकेतून दोन अभ्यास एकाच सुमारास आले. दोन्हींत रुग्णालयात पोहोचण्याआधी रक्तद्रव देऊन पाहिला होता. डेन्व्हर शहरातील रुग्णवाहिकांमध्ये त्याने काहीही फरक पडला नाही. हेलिकॉप्टरने दुरून आणलेल्या ५०१ रुग्णांच्या अभ्यासात मात्र ३० दिवसांतील मृत्यू ३३ टक्क्यांवरून २३.२ टक्क्यांवर आले. पुढे दोन्ही अभ्यासांची माहिती एकत्र तपासली गेली तेव्हा दिसले की फायदा प्रवासाचा वेळ वीस मिनिटांहून अधिक असलेल्यांना होता. शहरात रुग्णालय इतके जवळ असते की वाटेत काही देण्याची गरजच नसते. ब्रिटनमधील ४३२ रुग्णांचा २०२२चा अभ्यास मात्र वाटेत दिलेल्या तांबड्या पेशी आणि रक्तद्रव यांना सलाइनपेक्षा सरस ठरवू शकला नाही. त्याचाही उल्लेख न करणे अप्रामाणिकपणाचे होईल. तरीही या सर्व चाचण्यांमध्ये एक गोष्ट समान आहे. त्यांतील एकही समथरसारख्या अंतरावर, समथरसारख्या रुग्णांवर झालेली नाही. ज्या देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया आणि २५ टक्के पुरुष आधीच पंडुरोगी आहेत, असे पाचवे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगते, तिथे एक लिटर रक्त गमावण्याचा अर्थ ह्यूस्टन किंवा बर्मिंगहॅममधल्यासारखा नसतो.

रक्त पोहोचण्याआधी जे करता येते त्यातील बरेचसे स्वस्त आहे. जखमेवर दाब, हातापायाला आवळपट्टी, कटिराभोवती घट्ट बांधलेली चादर, अंगावर कोरडे पांघरूण. आणि ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिड. १९६०च्या दशकात जपानमधील उताको आणि शोसुके ओकामोतो या दाम्पत्याच्या संशोधनातून आलेले हे औषध धरलेली गुठळी विरघळू देत नाही. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४० देशांतील २७४ रुग्णालयांत २०,२११ जखमींवर झालेल्या चाचणीत या औषधाने मृत्यूचे प्रमाण १६ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांवर आणले. त्या चाचणीत भारतीय रुग्णालयेही होती, ही गोष्ट आपल्या धोरणकर्त्यांना कोणीतरी पुन्हा सांगायला हवी. वर्षभरात जागतिक आरोग्य संघटनेने आघातातील या वापराला अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. पण अट वेळेची आहे. दुखापतीपासून तीन तासांच्या आत दिले तर लाभ, नंतर दिले तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू उलट वाढलेले दिसले. पहिल्या तासातला लाभ सर्वांत मोठा आणि नंतर दर पंधरा मिनिटांच्या विलंबाने तो सुमारे दहा टक्क्यांनी घटतो. म्हणून हे औषध झाशीच्या कपाटात असून उपयोगाचे नाही. ते रुग्णवाहिकेत हवे आणि तिथल्या कर्मचाऱ्याला डॉक्टरची वाट न पाहता ते देण्याची लेखी मुभा हवी. शिरेतून देणे शक्य नसेल तर स्नायूतील इंजेक्शनानेही ते वेगाने रक्तात पोहोचते, असे अलीकडील प्रयोगांत दिसले आहे. धावत्या गाडीत शीर सापडत नाही म्हणून हताश होणाऱ्या कर्मचाऱ्याला याची किंमत कळेल.

एवढे करूनही कटिरातून वाहणाऱ्याला अखेर रक्तच लागते. ते मोंठसारख्या ठिकाणी का नसावे?

कायद्याने त्याला मनाई नाही. २००१च्या अखेरीस केंद्र सरकारने औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत बदल करून वर्षाला दोन हजार पिशव्यांपर्यंत रक्त वापरणाऱ्या प्रथम संदर्भ रुग्णालयांना, सामुदायिक व प्राथमिक आरोग्य केंद्रांना पूर्ण रक्तपेढीच्या परवान्याविना रक्तसाठा केंद्र चालवण्याची वाट मोकळी करून दिली. राज्याच्या औषध प्राधिकरणाची मान्यता, मातृसंस्था म्हणून एक रक्तपेढी, शीतकपाट, प्रशिक्षित तंत्रज्ञ एवढ्याच अटी. हेतू प्रामुख्याने बाळंतपणातील रक्तस्रावाचा होता. चोवीस वर्षे उलटली. महालेखापरीक्षकांचे निरनिराळ्या राज्यांविषयीचे अहवाल उघडले तर रक्तसाठ्याविना चालणारी प्रथम संदर्भ रुग्णालये त्यांत वारंवार भेटतात. कुठे शीतकपाट आहे पण तंत्रज्ञ नाही, कुठे तंत्रज्ञ आहे पण रात्री नाही.

पण अनुभवावरून सांगतो, खरी अडचण शीतकपाटाची नसते. ती मुदतीची आणि भीतीची असते. छोट्या रुग्णालयात दहा पिशव्या ठेवल्या आणि महिनाभर गंभीर रुग्ण आलाच नाही, तर त्या बाद होतात. बाद पिशवीचा खुलासा लेखी द्यावा लागतो. पिशवी नसल्यामुळे वाटेत मेलेल्या माणसाचा खुलासा कोणी मागत नाही. तो ‘पुढे पाठवला’ म्हणून नोंदवला जातो. असा हिशेब समोर असताना कोणताही शहाणा वैद्यकीय अधिकारी रिकाम्या शीतकपाटाचीच निवड करील.

उपाय अवघड नाही. ‘ओ’ गटाच्या तांबड्या पेशी ताज्या असताना लहान रुग्णालयात पाठवायच्या, दोन आठवडे तिथे ठेवायच्या, न वापरलेल्या परत मोठ्या रुग्णालयात आणून तिथे मुदतीच्या आत वापरून टाकायच्या. तापमानाची नोंद करणारा साधा मापक पेटीत असला की प्रश्न मिटतो. ऑस्ट्रेलियासारख्या विरळ वस्तीच्या देशात रक्ताची अशी फिरती वर्षानुवर्षे चालते. ‘ओ’ निगेटिव्हचा आग्रह मात्र सोडावा लागेल. आपल्याकडे आरएच निगेटिव्ह माणसे शंभरात पाच-सहाच्या आसपास. सर्वांसाठी तेच ठेवू म्हटले तर कोणासाठीच उरणार नाही. पुरुषांना आणि वयस्क स्त्रियांना तातडीत ‘ओ’ पॉझिटिव्ह देणे ही मान्य पद्धत आहे. निगेटिव्ह पिशव्या मुली आणि तरुण स्त्रियांसाठी राखाव्यात.

आणखी एक क्षुल्लक वाटणारी अडचण आहे. रक्त मागताना हिमोग्लोबिनचा आकडा लिहा, हा आपल्या अर्जांतला रकाना. वाहून जाणारे रक्त संपूर्ण असते, म्हणून पहिल्या तासात उरलेल्या रक्तातील हिमोग्लोबिनचे प्रमाण जवळपास तेवढेच दिसते. १२चा आकडा पाहून अर्ज परत पाठवला गेल्याचे मी स्वतः पाहिले आहे. त्याऐवजी नाडीच्या ठोक्यांना वरच्या रक्तदाबाने भागावे. उत्तर एकाच्या वर गेले की धोका. हे गणित रुग्णवाहिकेतील कर्मचारी मनात करू शकतो आणि मोंठहूनच झाशीला फोन करून रक्तद्रव वितळवायला सांगू शकतो. त्या एका फोनने जो अर्धा तास वाचेल, तो कोणत्याही रस्ते रुंदीकरणाने वाचणार नाही.

आता दुसऱ्या गाडीतल्या पोरांकडे येतो. ती झाशीला पोहोचतात, रक्त देतात. ते रक्त तपासून, वेगळे करून वापरायला येईपर्यंत तास उलटतात. बहुधा त्यांचे रक्त दुसऱ्याच कोणाला मिळते आणि त्यांच्या माणसाला आधीचे शिलकीतले. बदली रक्तदात्याची ही प्रथा राष्ट्रीय रक्तधोरण २००२पासून संपवू पाहते आहे, कारण दबावाखाली आणलेला दाता आपले आजार लपवतो आणि कधी तो पैसे देऊन आणलेलाही असतो. ते खरे आहे. पण नातेवाइकांना दाते आणायला सांगणे आपण थांबवलेले नाही; फक्त त्याला नियमात जागा नाही.

ग्रामीण शल्यचिकित्सकांच्या संघटनेने या कोंडीवर गेली अनेक वर्षे एक मागणी लावून धरली आहे. रक्तपेढी नसलेल्या ठिकाणी, जीव जात असताना, झटपट तपासण्या करून दात्याचे रक्त थेट रुग्णाला देण्याची परवानगी द्या. १९९६पूर्वी खेड्यांतील रुग्णालयांत हेच चालत असे. त्या वर्षी ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, विनापरवाना रक्तपेढ्या बंद करण्यास सांगितले आणि दोन वर्षांत पेशेवर रक्तविक्री संपवण्याचा आदेश दिला. एचआयव्हीच्या त्या काळात तो निकाल आवश्यक होता. त्याने किती जीव वाचवले याची गणतीच नाही. पण त्याच्या सावलीत थेट रक्तदानही बेकायदा ठरले. अपवाद एकच झाला: सीमाभागातील आणि आघाडीजवळील लष्करी वैद्यकीय केंद्रांना नियमांच्या अनुसूचीत तशी सूट मिळाली. सैनिकाला मिळते ते समथरच्या शेतकऱ्याला का मिळू नये, हा प्रश्न भावनेचा म्हणून झटकता येतो. मी तो कायद्याचा म्हणून विचारतो. सूट देताना सरकारने हे मान्य केले आहे की, विशिष्ट अंतरापलीकडे झटपट तपासणीतील चुकीचा धोका रक्ताविना मरण्याच्या धोक्याहून लहान असतो. मग ते अंतर किलोमीटरांत मोजायचे की गणवेशात?

सरसकट परवानगीच्या मात्र मी विरोधात आहे. संसर्ग झाल्यापासून तो तपासणीत दिसेपर्यंतचा काळ झटपट चाचण्यांना दिसत नाही, आणि परवानगी मिळताच दलाल परत येतील हे सांगायला ज्योतिषी नको. नॉर्वेत दूरच्या वस्त्यांसाठी दाते आधीच निवडून आणि तपासून ठेवतात. गरज पडली तरच त्यांना बोलावतात. मोंठ तहसिलीत असे पन्नास-साठ नियमित दाते, दर काही महिन्यांनी झाशीच्या रक्तपेढीकडून तपासलेले, रक्तगटासह नोंदवलेले, असायला कोणता खर्च आहे? दुसऱ्या गाडीतली पोरे तीच असतील. फक्त त्यांना रात्री अकराला गोळा करावे लागणार नाही. यासाठी नियमांत एका ओळीची दुरुस्ती हवी आणि सुरुवात दोन-चार जिल्ह्यांतल्या काटेकोर प्रयोगाने व्हावी.

रक्त दुचाकीवरून नेण्याचा प्रयोग महाराष्ट्राने करून पाहिला आहे. २०१४मध्ये ‘जीवन अमृत’ योजनेत १०४ क्रमांकावर फोन केला की ४० किलोमीटरच्या परिघात शीतपेटीतून रक्त पोहोचवले जाई. ती योजना पुढे गुंडाळली गेली. रुग्ण रक्ताकडे नेण्याऐवजी रक्त रुग्णाकडे नेण्याची तिची दिशा बरोबर होती, असे मला अजूनही वाटते. २०२३मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ग्रेटर नोएडा आणि दिल्लीच्या परिसरात ड्रोनने रक्ताच्या पिशव्या नेऊन पाहिल्या. रवांडात तर हे २०१६पासून नित्याचे आहे. झाशी ते मोंठ या सरळ, सपाट पट्ट्यात ड्रोनला अडवणारा डोंगर नाही. तरी मी आधी दुचाकी आणि शीतकपाट मागेन. उद्घाटनानंतरही ती चालू राहण्याची शक्यता थोडी अधिक.

मे २०२५मध्ये केंद्राने रस्ते अपघातातील जखमींसाठी सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे विनारोकड उपचार देणारी योजना अधिसूचित केली. सर्वोच्च न्यायालयाने कानउघाडणी केल्यावर का होईना, ती आली याचे स्वागत आहे. या योजनेमुळे नातेवाइकांच्या खिशाचा प्रश्न हलका होईल. पण सुवर्ण तासात मोंठला जे विकतच मिळत नाही, त्याचे बिल सरकार कसे भरणार? योजनेच्या दरपत्रकात रुग्णवाहिकेत दिलेल्या ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिडला आणि साठा केंद्रातील पहिल्या दोन पिशव्यांना स्वतंत्र दर द्यावा, वापरल्या नाहीत तरी तयारीचा ठोक खर्च द्यावा. लहान रुग्णालये त्यानंतर शीतकपाट रिकामे ठेवणार नाहीत.

रस्ते वाहतूक मंत्रालयाचा वार्षिक अहवाल मी दर वर्षी वाचतो. अपघात सरळ रस्त्यावर झाला की वळणावर, ऊन होते की धुके, वाहन कोणते होते, हेल्मेट होते की नव्हते, दिवसाच्या कोणत्या प्रहरी झाला, हे सगळे त्यात राज्यवार मिळते. दुखापतीपासून किती मिनिटांनी जखमीला पहिली पिशवी लागली, यासाठी त्यात रकाना नाही.